अर्ज एकटीचा, अर्ज सगळ्यांचा

मैत्रिणींनो, आठवडे बाजारात आपण भाजी घ्यायला जातो, तासाभरात पिशवी भरून घरी येतो. पण समोर पोतं अंथरून बसलेल्या बाईचं काय, याचा कधी विचार केलाय? ती पहाटे गाव सोडते, दिवसभर उन्हात बसते आणि दिवेलागणीला परत जाते. एवढ्या वेळात तिने लघवीला कुठं जायचं? आमच्या बचत गटातल्या एकीला मी हे सहज विचारलं, तर ती हसून म्हणाली की बाजाराच्या दिवशी ती पाणीच पीत नाही. हसत सांगितलं खरं तिनं, पण मला रात्रभर झोप आली नाही.

आमच्या भागातल्या अशाच एका बाजारगावात स्त्रियांसाठी स्वच्छतागृह व्हावं म्हणून गटातल्या एका धीट बाईने एका कार्यालयात अर्ज दिला. साधा, हाताने लिहिलेला. तीन खेपा झाल्या. कधी साहेब मीटिंगला, कधी टेबलावरचा माणूस रजेवर. चौथ्या खेपेला कळलं की तिचा अर्जच सापडत नाही. पोच घेतली होती का, असं तिला विचारलं. पोच म्हणजे काय हेच तिला ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगू, मी बी.ए. झालेली बाई, मलाही तिला ते आधी सांगायचं सुचलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मुलीला शाळेत भाषण करायचं होतं. विषय होता ५ एप्रिलचा राष्ट्रीय सागरी दिन. तिला माहिती काढून देताना वालचंद हिराचंद यांचं चरित्र माझ्या हाती आलं. नाव लहानपणापासून ऐकलेलं. कुणी सांगलीच्या वालचंद कॉलेजात शिकलेलं, कुणाचे मामा वालचंदनगरला नोकरीला. रावळगावच्या गोळ्या तर आपण सगळ्यांनीच खाल्ल्यात! पण या माणसाचं निम्मं आयुष्य सरकारच्या दारात अर्ज, निवेदनं आणि शिष्टमंडळं घेऊन जाण्यात गेलं, हे मला माहीत नव्हतं. वाचता वाचता आमचा हरवलेला अर्ज आठवत राहिला.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं गुजराती जैन, मूळचं सौराष्ट्रातलं, पण सोलापुरात रुजलेलं. वडील हिराचंद नेमचंद दोशी. घरात कापसाचा व्यापार आणि सावकारी पेढी. मुलगा मॅट्रिक झाला, मुंबई-पुण्याच्या कॉलेजात गेला, पण पदवी न घेताच परतला. पेढीवर बसून व्याजाच्या वह्या लिहिण्यात त्याचं मन रमेना. काहीतरी उभं करावं, बांधावं, असं त्याच्या डोक्यात.

अशात त्याची गाठ पडली लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी. फाटक रेल्वेत कारकुनी केलेले. कामाची माहिती होती, पैसा नव्हता. वालचंदांच्या घरी पैसा होता, पण रेल्वेच्या कामाची माहिती नव्हती. १९०३ च्या सुमारास दोघांनी भागीदारी केली आणि पहिलं मोठं काम मिळवलं ते बार्शी लाइट रेल्वेचं, येडशी ते तडवळे या तुकड्याचं. आमच्या खर्ड्याच्या लोकांना बार्शी म्हणजे घरचंच गाव. बाजाराला बार्शी, दवाखान्याला बार्शी, लग्नाचा बस्ता बांधायलाही बार्शी. ती अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी जुन्या माणसांना अजून आठवते. तिच्या मातीकामातून हा माणूस वर आला, हे वाचून मला उगीचच आपलेपणा वाटला.

इथं खर्ड्याबद्दल दोन शब्द सांगते. आमचं गाव लोकांना माहीत आहे ते ११ मार्च १७९५ च्या लढाईमुळे. मराठे आणि निजाम यांच्यातली ती लढाई. निंबाळकरांचा किल्ला आजही उभा आहे. पण खर्डा ही मोठी पेठही होती, हे फार जणांना ठाऊक नसतं. इंग्रजांच्या काळातल्या सरकारी गॅझेटियरमध्ये खर्ड्यात पाचशेहून जास्त व्यापारी, दुकानदार आणि सावकार असल्याची नोंद आहे. बालाघाटातून धान्य, कापड यायचं आणि पुढे पुण्याकडे जायचं. मग रेल्वे आली. ती आली बार्शीला, कुर्डुवाडीला, नगरला. आमच्या गावात आली नाही. माल रुळांच्या मागे जातो, तशी पेठही गेली. रस्ता कुठून जाणार, रूळ कुठे पडणार, हे कार्यालयातल्या कागदावर ठरतं आणि त्यावर गावाचं नशीब ठरतं. म्हणून सरकारदरबारी आपलं म्हणणं कसं मांडायचं, ही नुसती शेठ लोकांची गोष्ट नाही.

वालचंद ठेकेदारीत मोठे झाले. पहिल्या महायुद्धात लष्करासाठी बांधकामं केली, पुढे बोर घाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांपर्यंत त्यांची मजल गेली. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली. सरकारी कामं करायची म्हणजे साहेबांशी रोजचा संबंध. कुठली फाइल कुठे अडते, कुठल्या कागदाला वजन असतं, कुठला साहेब नुसता गोड बोलतो आणि कुठला खरंच सही करतो, हे सगळं त्यांनी या ठेकेदारीत शिकून घेतलं. पुढे त्याच सरकारशी त्यांनी भांडण मांडलं, तेव्हा हे शिक्षण उपयोगी पडलं.

भांडण सुरू झालं समुद्रावरून. १९१९ साल. रेल्वेच्या प्रवासात एका इंग्रज सहप्रवाशाकडून त्यांना कळलं की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं लॉयल्टी नावाचं जहाज विकायचं आहे. युद्धात ते जखमी सैनिकांसाठी इस्पितळ म्हणून वापरलं होतं. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास अशा मंडळींना बरोबर घेतलं, जहाज विकत घेतलं आणि सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ ला हे जहाज मुंबईहून इंग्लंडला निघालं. आपण सागरी दिन पाळतो तो त्याच दिवसाचा.

पण एक जहाज निघालं म्हणजे झालं असं थोडंच असतं? आपल्या किनाऱ्यावरची सगळी वाहतूक इंग्रज कंपन्यांच्या हातात होती आणि त्यांचे मुख्य होते लॉर्ड इंचकेप. सिंधिया कंपनीला बुडवायला त्यांनी भाडे इतके खाली आणले की नव्या कंपनीचा खर्चही निघेना. आपल्याकडे नवीन किराणा दुकान निघालं की जुना दुकानदार साखर तोट्यात विकतो ना, तसंच. कंपनी विकून टाका, असाही निरोप आला. विकली नाही. पण १९२३ मध्ये करार करावा लागला. दहा वर्षांसाठी किती जहाजं चालवायची आणि कुठे चालवायची, यावर बंधन आलं. ही माघारच होती.

माझ्या मते वालचंदांच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा धडा इथं आहे. बाजारात भाव पाडून आपल्याला हरवता येतं, पण कायदा बदलला तर चित्र बदलेल, हे त्यांनी ओळखलं. इंग्लंड-अमेरिकेसारखे देश आपल्या जहाजांना नाना तऱ्हेने मदत करत. मग हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरची वाहतूक हिंदी जहाजांसाठी राखून ठेवा, अशी मागणी पुढे आली. पण ती सिंधिया कंपनीची मागणी म्हणून गेली असती, तर साहेब काय म्हणाले असते? कंपनीला नफा हवाय, म्हणून ओरडते आहे. म्हणून मागणी गेली सगळ्या व्यापाऱ्यांची म्हणून, देशाची म्हणून.

त्यासाठी संस्था लागतात. मुंबईत इंडियन मर्चंट्स चेंबर ही हिंदी व्यापाऱ्यांची संस्था १९०७ पासून होती. तिचं अध्यक्षपद वालचंदांनी सांभाळलं. १९२७ मध्ये देशभरच्या व्यापारी संस्थांचा महासंघ, ज्याला आपण फिक्की म्हणून ओळखतो, तो स्थापन झाला. १९३२-३३ मध्ये त्याचेही ते अध्यक्ष होते. आणि १९२७ मध्येच त्यांनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना केली. मुंबईबाहेरच्या व्यापारी-कारखानदारांनाही आपलं म्हणणं मांडायला जागा हवी होती. ती संस्था आजही आहे. तिच्या नावात आता उद्योग आणि शेती हे शब्दही आले आहेत.

आता चेंबर म्हणजे काय करतं, असं तुम्ही विचाराल. मलाही आधी वाटायचं, शेठ लोकांनी चहा प्यायची जागा. तसं नाही. समजा, रेल्वेने मालाचं भाडं वाढवलं. एकेक व्यापारी आपापल्या दुकानात चडफडतो. चेंबर काय करतं? सभा बोलावतं. कोणाला किती फटका बसला याचे आकडे मागवतं. त्यावर ठराव करतं. ठराव योग्य त्या अधिकाऱ्याला पाठवतं, उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र पाठवतं. मग चार माणसांचं शिष्टमंडळ भेटायला जातं. तिथेही काम झालं नाही, तर कायदेमंडळातल्या सभासदाला सगळे कागद देतं आणि त्याच्याकरवी प्रश्न विचारतं. वर्तमानपत्रात छापून आणतं. त्या काळी रेल्वेच्या सल्लागार समित्यांवर, मुंबईच्या पोर्ट ट्रस्टवर, अगदी कायदेमंडळातही व्यापारी संस्थांचे प्रतिनिधी असत. म्हणजे निर्णय होतो त्या खोलीतच आपलं एक माणूस बसवायचं.

जहाजांच्या प्रश्नात ही प्रत्येक पायरी चढून झाली. कायदेमंडळात ठराव आला, १९२३ मध्ये सरकारने समिती नेमली. समितीने चक्क किनारी वाहतूक हिंदी जहाजांसाठी टप्प्याटप्प्याने राखून ठेवावी, अशी शिफारस केली. सरकारने ती शिफारस बाजूला ठेवून दिली! मग १९२८ मध्ये साराभाई नेमचंद हाजी यांनी कायदेमंडळात विधेयक आणलं. त्यावर वर्षभर वाद झडले. १९३० मध्ये व्हाइसरॉयने दोन्ही बाजूंची परिषद बोलावली. तीतूनही काही निघालं नाही. दहा-अकरा वर्षांची खटपट आणि हातात शून्य.

आपण असतो तर काय केलं असतं? अर्ज फाडून घरी बसलो असतो. वालचंदांनी तसं केलं नाही, एवढंच. मागणी जिवंत ठेवली. ती पुरी झाली स्वातंत्र्यानंतर, जेव्हा किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखली गेली. लॉयल्टी जहाज तोवर कधीच मोडीत निघालं होतं.

सगळ्याच मागण्या अशा वाया गेल्या नाहीत. साखरेचं उदाहरण घ्या. बाहेरच्या देशातली स्वस्त साखर येत असल्याने इथला कारखाना टिकत नसे. वालचंदांनी १९२३ मध्ये नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगावची माळरानं घेऊन शेती सुरू केली होती. पुढे इंदापूर तालुक्यात कळंबजवळ शेती आणि कारखाना उभा राहिला, तेच वालचंदनगर. सरकारच्या टॅरिफ बोर्डापुढे साखर धंद्याची बाजू मांडली गेली, चौकशी झाली आणि १९३२ मध्ये साखर धंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला. बाहेरच्या साखरेवर जकात बसली आणि पाहता पाहता देशात साखर कारखाने वाढले. पुढे आपल्या नगर जिल्ह्यात प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना निघाला. त्याच्या आधीची वाट या कायद्याने मोकळी केली होती. आपल्या जिल्ह्यातली किती घरं उसावर उभी आहेत, ते मी वेगळं सांगायला नको.

विमानाच्या कारखान्याची गोष्ट तर फारच बोलकी. दुसरं महायुद्ध सुरू झालेलं. वालचंदांना विमानं बनवायची होती. इंग्रज सरकार तयार होईना, म्हणून त्यांनी संस्थानिकांकडे शब्द टाकला. म्हैसूर संस्थानने हात पुढे केला, दिवाण होते मिर्झा इस्माईल. डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झालं. लगेच दीड-दोन वर्षांत युद्धाची गरज म्हणून सरकारने तोच कारखाना ताब्यात घेतला. आज ज्याला आपण एचएएल म्हणतो, ते हेच. मोटारीच्या कारखान्यासाठीही वर्षानुवर्षं परवानग्या मागितल्या. सर विश्वेश्वरय्यांसारखा माणूस पाठीशी होता, तरी युद्धकाळात सरकारने साथ दिली नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. मुंबईच्या रस्त्यांवरची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी याच कंपनीची. ती २०२३ पर्यंत धावत होती.

जहाज बांधायची गोदी त्यांना कलकत्त्याला हवी होती, तिथे मनासारखी जागा मिळाली नाही. मग विशाखापट्टणमला २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली. तिथे बांधलेलं जलउषा हे जहाज १४ मार्च १९४८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. एक दार बंद झालं की दुसरं ठोठवायचं, हा त्यांचा स्वभावच होता.

मात्र नुसती आरती ओवाळायला मी हे लिहीत नाही. वालचंद काही संत नव्हते. जिथे देशाचं हित होतं, तिथे त्यांच्या कंपन्यांचंही हित होतं. सरकारशी भांडत होते आणि सरकारची कामंही घेत होते. शिवाय चेंबरमध्ये कोण बसायचं? पेढीवाले, गिरणीवाले, कारखानदार. बाजारात पोतं अंथरून बसणारी बाई त्या खोलीत नव्हती. तिचं दुखणं कुणी ठरावात लिहिलं असेल, असं मला वाटत नाही. कारण जो खोलीत नसतो, त्याची आठवण काढायला कुणाला सवड नसते. पण म्हणून त्यांची पद्धत वाईट ठरत नाही. ती आपण उचलायला काय हरकत आहे?

१९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. दिवसरात्र बोलणारा, फिरणारा माणूस अंथरुणाला खिळला. पुढच्या वर्षी ते कारभारातून बाजूला झाले. पत्नी कस्तुरबाईंनी त्या काळात त्यांची सेवा केली. मोठ्या माणसांच्या चरित्रात अशा बाईला दोन ओळी मिळतात. मीही दोनच दिल्या, त्याची जाणीव आहे. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातेत सिद्धपूर इथं वालचंदांचं निधन झालं. जहाज निघाल्याच्या दिवसाला चौतीस वर्षं पूर्ण होऊन तीनच दिवस झाले होते.

आता आमच्या बाजाराकडे परत येते. चरित्र वाचून झाल्यावर बचत गटाची बैठक घेतली. आधी सगळ्याजणींनी सह्या-अंगठे देऊन अर्ज करू, असं ठरलं. साठेक सह्या झाल्या. या वेळी पोच घेतली, आवक क्रमांक लिहून ठेवला. महिन्याने उत्तर आलं की मागणी विचाराधीन आहे. म्हणजे काहीच नाही. मग मला जहाजवाल्यांचे आकडे आठवले. आम्ही ओळीने चार बाजार मोजले. किती बायका विकायला बसतात, किती गावांहून येतात, किती तास बसतात. आणि प्रत्येकीजवळची बसायची पावती मागून घेतली. एकेक पावती किरकोळ, पण बेरीज केली तेव्हा आम्हीच एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसलो. वर्षाला एवढा पैसा या बायका भरतात आणि त्यांना आडोसासुद्धा नाही! तो हिशेब एका कागदावर नीट मांडला, गटाचा ठराव जोडला आणि पाचजणी मिळून साहेबांना भेटलो. त्यांत दोघी भाजी विकणाऱ्या होत्या. बोलायचं त्यांनीच, असं आधीच ठरलं होतं. मी फक्त कागद धरून उभी.

साहेबांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग हिशेबाच्या कागदाकडे. पावत्यांचा गठ्ठा मात्र त्यांनी हातात घेऊन उलटून पाहिला आणि आम्हाला बसायला सांगितलं. त्या कार्यालयात बाजारातल्या बाईला खुर्ची मिळाली, ती पहिल्यांदा.

काम व्हायला पुढे दोन वर्षं गेली. मध्ये साहेब बदलले, तर सगळे कागद पुन्हा द्यावे लागले. आमच्याकडे प्रती होत्या, म्हणून निभावलं. आज तिथे स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आहे. पाणी रोज येतं असं नाही. त्यासाठी नवा अर्ज तयार आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही असं काही अडलेलं असेल. शिलाई करणाऱ्या, पापड-मसाले करणाऱ्या, गिरणी चालवणाऱ्या, बांगड्या विकणाऱ्या, आपण सगळ्याजणी व्यापारीच आहोत की! फक्त आपण स्वतःला तसं म्हणत नाही आणि एकत्र बसत नाही. चार जणी बसा, मोजा, लिहा. अर्जाच्या दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर शिक्का व तारीख घेऊन ती घरी डब्यात जपून ठेवा. आणि हो, बोलायला तिलाच पुढे करा, जिचं दुखणं आहे.

ती मैत्रीण आता बाजाराला येताना पाण्याची बाटली बरोबर आणते.